अप्पांच्या काट्यावर जोखलेली बॅग

प्रवासाला निघालेल्या माणसाची गच्च भरलेली बॅग पाहिली की मला आजही मळमळतं. घरातले म्हणतात, म्हातारीला सगळ्याचाच कंटाळा आलाय. कंटाळा नव्हे बाबांनो, किळस. बॅग भरताना माणूस जसा उघडा पडतो तसा तो न्हाणीतसुद्धा पडत नाही. काय घेतलं, काय काढलं, कुणाचं वर ठेवलं आणि कुणाचं तळाला दाबलं, एवढं बघावं. पत्रिका जुळवत बसण्यापेक्षा मुलाकडच्या मंडळींना एक बॅग भरायला लावावी, असं माझं मत आहे, आणि ते मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

माझं सासर वालूरचं. बाहेर निजामाचं राज्य होतं आणि घरात सासऱ्यांचं. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, म्हणून मीही अप्पाच म्हणायची. आम्ही लिंगायत वाणी. अप्पांची कापसाची आणि ज्वारीची अडत होती. सुगीत खेड्यापाड्यांतून गाड्या यायच्या, दुकानापुढच्या मोठ्या काट्यावर माल जोखला जायचा, आणि अप्पा गादीवर पान चघळत बसायचे. पान खाऊन खाऊन त्यांच्या ओठांच्या कडा कायम लाल आणि ओल्या असायच्या. शेजारी पितळेची पिकदाणी. ती रोज राखेनं घासायचं काम सुनेचं, म्हणजे माझं. जास्त सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल.

माझे आईवडील झरीचे. पण भाऊ बंगळूरला एका कारखान्यात चिकटला आणि दोघांनाही तिकडं घेऊन गेला. आईचं माहेर पेडगाव. तिथं तिचा एकुलता एक भाऊ, माझा मामा. थोडी जमीन, दोन बैल, आणि जो काही कापूस पिकेल तो आमच्याच अडतीवर आणून घालायचा.

कापसाचे दिवस होते तेव्हा भावाची तार आली. आईचं काही खरं नाही, लगेच निघा. आगगाडीनं बंगळूर म्हणजे किती गाड्या बदलायच्या आणि किती मुक्काम करायचे, याचा हिशेब घरातले पुरुष करत बसले. मी चुलीपुढं बसून नुसती रडत होते. तेवढ्यात अप्पांनी आतल्या दाराशी येऊन सांगितलं, "सूनबाईला मी इमानानं नेतो."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. शेजारणी मला म्हणाल्या, केवढी माया गं तुझ्या सासऱ्याची. मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सेलूचा एक अडत्या विमानात बसून आल्यापासून अप्पांच्या जिवाला चैन नव्हतं. शिवाय बंगळूरला सुताचा कोणी बडा शेठ होता, त्याच्याशी अप्पांना धागा जोडायचा होता. माझ्या आईच्या दुखण्यावर त्यांनी दोन्ही कामं बसवली. माझ्या नवऱ्याला दुकान सांभाळायला मागं ठेवलं.

निघायच्या आदल्या दिवशी मामा आला. गाडी नव्हती, माल नव्हता, नुसता चालत आणि कुणाच्या बैलगाडीत बसत आला होता. ओसरीच्या कडेला टेकला आणि उपरण्यात गुंडाळलेलं एक लुगडं त्यानं माझ्या हातात दिलं. हिरवं, लाल काठाचं, कोरं. खळीचा वास येत होता. "बाईला दे," एवढंच म्हणाला. आईला तो बाई म्हणायचा.

आमच्याकडं बाई अहेवपणी, म्हणजे नवऱ्याच्या आधी, जाते तेव्हा शेवटचं लुगडं तिच्या अंगावर माहेरचं पडतं. सासरचा कितीही भारी शालू असो, तो खाली. वर भावानं दिलेलं. ते आलं नाही तर बाईच्या मागं कुणी नव्हतं असा अर्थ होतो, आणि ज्या बाईनं जन्मभर भावाच्या नावानं औक्षण केलं तिला मरताना हे ऐकून घ्यायचं नसतं. पण माणूस जिवंत असताना त्या लुगड्याचं नाव घ्यायचं नाही, अशी रीत. नाव घेतलं की मरण ओढून आणलं. म्हणून मामानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोघांनाही कळलं होतं. मामी म्हणे रात्रभर काठाला हात लावून बसली होती.

हैदराबादच्या ओळखीच्या माणसानं आधीच कळवलं होतं की विमानात वजनाला फार जपतात. दोघांत मिळून एक हातबॅग, आणि तिचं वजन अमुक इतकं, त्याच्या वर शेरभरही चालणार नाही, पैसे दिले तरी नाही. बॅग एका वकिलाकडून मागून आणली होती. चामड्याची. उघडली तर आतून डांबराच्या गोळ्या, शिळं अत्तर आणि काहीतरी मेल्याचा वास. सासूबाईंनी नाकाला पदर लावून तिच्यावर विभूती टाकली आणि माझ्याकडं सरकवली.

बॅग भरायला मला आईनं शिकवलं होतं. जत्रेला निघताना ती एका पिशवीत घरभराचं सामान बसवायची. तिचं म्हणणं, पोकळी ठेवू नये. पोकळी असली की सामान हलतं, हललं की सांडतं. लुगड्यांच्या घड्या घालून रचायच्या नाहीत, घट्ट गुंडाळून वळकट्या करायच्या. तांब्याच्या पोटात फुलपात्र, फुलपात्राच्या पोटात कुंकवाची डबी, उरलेल्या फटींत चोळ्या. जड ते तळाला, वाटेत लागणारं ते वर. आणि लागलं तर असू दे म्हणून जे जे घ्यावंसं वाटतं ते सगळं घरी ठेवायचं, कारण ते कधी लागत नाही. मी तशीच भरली. माझं एक लुगडं, अप्पांची दोन धोतरं, सदरे, तांब्या, आणि सगळ्याच्या मधोमध, चारी बाजूंनी मऊ कापड येईल असं, मामाचं लुगडं. बॅग अर्धी रिकामी राहिली. मला फार बरं वाटलं. आईच्या हाताखाली बसून भरल्यासारखं वाटलं.

मग लोक आले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. शेजारच्या काकूंचा भाचा हुबळीला होता. "बंगळुराच्या जवळच असंल की," म्हणून त्यांनी कुरडयांचं गाठोडं दिलं. सासूबाईंनी वाटेसाठी धपाट्यांची चळत दिली, शेंगाची चटणी दिली, वर तिखटजाळ भुरक्याची पुडी दिली. आमच्यात प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातात काही दिलं नाही तर माया कमी पडल्यासारखी वाटते. माया अशी तेलकट असते आणि कागदातून पाझरते, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही.

शेवटी अप्पा आले. त्यांनी माझी भरलेली बॅग आडवी केली, सगळं बाहेर काढलं आणि आपल्या सामानापासून सुरुवात केली. शेरवानी. जरीचा रुमाल. पानाचा डबा, अडकित्ता. शेठजीला द्यायला तुपाचा डबा. आणि पिकदाणी. मी बघतच राहिले. पितळेची, बुडाला जड, गळ्याशी आवळ, ती पिकदाणी त्यांनी परत आत दाबलेल्या मामाच्या लुगड्यावर ठेवली. तिच्या पोटात आपले पायमोजे कोंबले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "पोकळी ठिवू न्हाई म्हणतीस ना? बग, आमाला बी जमतंय."

बॅग जोखायला दुकानापुढच्या काट्यावर नेली. दुकानाच्या मुनीमजींनी एका पारड्यात बॅग ठेवली, दुसऱ्यात मापं. वजन बसलं. नुसतं बसलं नाही, बरंच हाताशी राहिलं. अप्पा खूश. "आजून जागा हाय की," म्हणून त्यांनी आत आवाज दिला आणि लोणच्याची बरणी मागवली. पुन्हा जोखलं. तरीही बसलं. गावातली चार रिकामी माणसं जमली होती, त्यांनी माना डोलावल्या. मामा तिथंच उभा होता. त्यानं मापांकडं एकदा बघितलं आणि उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मी दाराच्या फटीतून बघत होते आणि मला वाटत होतं, चला, सगळं मावलं तर मावलं, लुगडं पोचलं म्हणजे झालं.

सेलूला गाडी धरली. मुनीमजी हैदराबादपर्यंत सोबत आले. अप्पांनी रस्ताभर त्यांना एकच विचारलं, इमान पडतं का हो. मुनीमजी म्हणायचे, छे. थोड्या वेळानं पुन्हा तेच. गळ्यातल्या लिंगाच्या डबीवरचा हात अप्पांनी काढला नाही. घरात वाघ आणि गाडीत शेळी. मला हसू येत नव्हतं, पण आईला सांगायला बरं होईल म्हणून मी हे मनात ठेवलं.

बेगमपेठेच्या विमानतळावर एक तरुण कारकून होता. मुसलमान, अदबशीर. त्याच्याजवळचा काटा पारड्यांचा नव्हता. खाली पाट आणि वर तबकडी, तबकडीत सुई. त्यानं बॅग पाटावर ठेवली आणि सुई जिथं थांबायला हवी ती जागा ओलांडून बरीच पुढं गेली.

"अम्मा, वजन ज्यादा हो रा," तो मला म्हणाला. का कोण जाणे, मलाच म्हणाला. "थोडा सामान निकालना पडता."

अप्पा पुढं झाले. "तुमचा काटा खोटा हाय," ते मराठीत म्हणाले, मग तेच मोडक्या दखनीत म्हणाले. "हम अडत्या हैं. जिंदगी काटे पे गई हमारी." कारकुनानं मुकाट्यानं बाजूचं एक ठरावीक वजन पाटावर ठेवून दाखवलं. सुई बरोबर त्या आकड्यावर आली. त्यानं बॅग पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. अप्पांचा आवाज चढला. मागं गोरे लोक उभे होते, एक कुणी फौजी अंमलदार होता, सगळे बघत होते. मग मुनीमजी अप्पांच्या कानाशी वाकले. त्यांना वाटलं असेल मला ऐकू जाणार नाही.

"अप्पा, आपुन घ्यायच्या मापानं जोखली."

मला आधी उमगलं नाही. मग तिथंच, त्या गुळगुळीत फरशीवर, उमगलं. आमच्या दुकानात मापांचे दोन जोड होते. एक घ्यायचा, एक द्यायचा. दिसायला सारखे. घ्यायची मापं भारी, म्हणजे शेतकऱ्याचा माल आहे त्याहून कमी भरावा. द्यायची मापं हलकी. सुगी असल्यामुळं बाहेरच्या काट्यावर घ्यायचीच मापं होती. आमची बॅग त्या काट्यावर कापसासारखी कमी भरली. आणि अप्पांना, ज्यांनी ती मापं ओतून घेतली होती, त्यांनाही ते आठवलं नव्हतं. रोज खोटं माप बघून बघून त्यांना तेच खरं वाटायला लागलं होतं.

शरम वाटली असेल असं तुम्हाला वाटतंय? अप्पांनी मुनीमजींकडं वळून फक्त एवढंच म्हटलं, "मंग तवाच सांगायला काय झालतं?"

बॅग सगळ्यांच्या पायाशी उघडली. तेल कागदातून झिरपून शेरवानीच्या अस्तराला लागलं होतं. धपाटी बाहेर, चटणी बाहेर, हुबळीच्या भाच्याच्या कुरडया बाहेर. मुनीमजींचे दोन्ही हात भरले. मी माझं लुगडं आपणहून काढून दिलं, अंगावरचं एक पुरे म्हटलं. सुई मागं सरकली, पण अजून थोडी पुढंच होती. आता तुपाचा डबा होता, लोणचं होतं, पिकदाणी होती, आणि मामाचं लुगडं. अप्पांचा हात लुगड्याकडं गेला.

मी तोवर सासऱ्यांपुढं कधी तोंड वर करून बोलले नव्हते. मी म्हणाले, "ते नका काढू. पिकदाणी काढा."

"पिकदानी? आन् शेठच्या घरी मी काय खिडकीतनं थुंकू? लुगडं काय, बंगळुरात रेशमाच्या राशी हायत्या. तुज्या आईला त्यातलं घिऊ."

"ते मामानं दिलंय," मी म्हणाले. एवढ्यानं त्यांचा हात थांबला नाही. मग मी ते बोलले, जे बोलायचं नसतं. वाटलं, हे ऐकल्यावर तरी कुणी माणूस ते काढणार नाही. "आईच्या जायच्या वेळचं हाय, अप्पा."

अप्पांनी लुगडं विंचू चावल्यासारखं टाकलं. तोंडाचा रंग उडाला. "मयताचं कापड," ते म्हणाले, "आन् माज्या बॅगेत? ते घिऊन मला आभाळात न्यायलीस व्हय गं?" मग मुनीमजींना, "उचला ते. घरात न्यायचं न्हाई. जाताना परस्पर पेडगावला उतरून ज्याचं त्याला दिऊन टाका."

मी त्यांच्या पाया पडले. खरंच पडले, त्या परक्या लोकांदेखत. म्हणाले, मी पोटाशी धरून बसते, बॅगेत नको. कारकून पुढं येऊन हळू आवाजात म्हणाला की माणसांचंही वजन करायचं आहे, हातातलं धरून. त्यानं अप्पांकडं असं पाहिलं की मला त्या अनोळखी मुलाचे उपकार वाटले. त्याच्या हातात आणखी काही नव्हतं. मग आम्हाला एकेक करून त्या पाटावर उभं केलं, मला पदर सावरत, अप्पांना पोट आत घेत. सुई बरोबर बसली. मामाचं लुगडं मुनीमजींच्या काखेत धपाट्यांबरोबर होतं.

विमानाचं काय सांगू. लोक विचारतात, आजी, वरून काय दिसलं. मला अप्पा दिसले. त्यांनी कागदी पिशवीत ओकलं, ती पुरली नाही तेव्हा जरीच्या रुमालात ओकलं. वर गेल्यावर लोणच्याच्या बरणीचं झाकण आपोआप उडालं आणि खाराचा लाल ओघळ बॅगेच्या शिवणीतून माझ्या पायापर्यंत आला. सगळीकडं मोहरीचा, हिंगाचा आणि ओकारीचा वास. मी पाय वर घेऊन बसले. पिकदाणी तेवढी सुखरूप होती, पायमोज्यांनी भरलेली.

आई जिवंत होती. भावाच्या खोलीत भिंतीशी अंथरुणावर होती आणि इतकी लहान झाली होती की मला आधी चादरच दिसली. वडील उशाशी बसलेले. तिनं माझा हात धरला, पोटभर बघून घेतलं, वडिलांना पाणी आणायच्या मिषानं बाहेर पाठवलं आणि सरळ विचारलं, "भावाकडचं आणलंस? माजं जायचं लुगडं?"

सगळ्या मुलखात त्याचं नाव कुणी घेत नव्हतं, आणि जिला नेसायचं होतं तिनंच घेतलं. आता तिच्याशी काय खोटं बोलायचं? मी सगळं सांगितलं. शेजारच्या काकूंचा भाचा, तूप, शेरवानी, पिकदाणी. पिकदाणीला ती हसली. हसताना खोकला लागला, तरी हसली. "मंग आता पिकदानी घालून पुरता का मला?" म्हणाली. आमच्यात बसवून माती देतात. "मांडीवर ठिवा म्हणावं, शोभंल."

मी पण हसले आणि त्या भरात मापांचंही सांगून टाकलं. कसं अप्पांना स्वतःच्याच काट्यानं फसवलं, कसं त्यांचं तोंड झालं. मला वाटलं तिला आणखी हसू येईल.

ती हसली नाही. "घ्यायची मापं म्हंजी?" तिनं विचारलं. मी सांगितलं. 

"म्हंजी माज्या भावाचा कापूस त्याच काट्यावर जातूय."

मी तिची चादर सारखी करत राहिले.

"परबनीचा मोंढा, येवडा मोटा बाजार, त्याच्या दाराशी हाय गं," आई म्हणाली. "तो सोडून उलट्या दिशेनं बैल मारीत तुमच्याकडं येतूय तो. सोयऱ्याचा काटा, म्हनून." तिनं भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं झोपली. मग तिकडंच तोंड ठेवून बोलली, "लुगडं जाऊ दे. माजं काय, काई बी गुंडाळा. तू गेल्यावर घरी जाऊ नको, आधी पेडगावला उतर. त्याला म्हनावं, माल दुसरीकडं घाल. बाईनं सांगितलंय म्हनावं. सांगशील?"

सांगते म्हटलं. तिनं पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. नंतरच्या दिवसांत ती लुगड्याबद्दल एक शब्द बोलली नाही. शुद्ध हरपत चालली तरी मधेच डोळे उघडून माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, "आधी पेडगाव."

ती गेली तेव्हा माझ्या भावानं बाजारातून रेशमी लुगडं आणलं. गर्द हिरवं, रुंद जरीचं. शेजारच्या कानडी बायका म्हणाल्या, भाग्यवान बाई. वडील त्या जरीला हात लावून विचारत होते, हे पेडगावहून आलं का, आणि भाऊ हो म्हणाला. अप्पा त्या सुताच्या शेठकडून आले, माती द्यायच्या आधी जरा उभे राहिले. तोंडात पान होतं. मला म्हणाले, "बग, म्हनलं न्हवतं? असं लुगडं पेडगावात कुनी डोळ्यानं बगितलं नसंल." मी आयुष्यात पुष्कळ घाण उपसली, गोठ्यातली, आजारपणातली, बाळंतपणातली. त्या वाक्याइतकी शिसारी मला कशाची आली नाही.

परत येताना अप्पा आगगाडीनंच निघाले. आभाळातली हौस फिटली होती. पेडगाव आलं तेव्हा मी उठून उभी राहिले आणि मामाला भेटून उद्या येते म्हणाले. परवानगी मागितली नाही. आई नुकतीच गेलेली, त्यांना नाही म्हणता आलं नाही.

मामा अंगणात बसला होता. मला एकटीला बघून उठला नाही. "लुगडं माघारी आलं तवाच समजलो, बाई वाचत न्हाई," म्हणाला. मामीनं मला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी रडून घेतलं. मग मी मामापुढं बसले आणि आईचा निरोप सांगितला. घ्यायची मापं, द्यायची मापं, मुनीमजी काय म्हणाले, सगळं. सांगताना माझा संताप उफाळून येत होता. सासरचं नाव खराब होईल, याची मला पर्वा राहिली नव्हती. आईचं शेवटचं सांगणं होतं ते.

मामा तंबाखू मळत ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, "ते मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"काट्याचं. साऱ्या शिवाराला ठाऊक हाय. तुजं लगीन व्हायच्या आदी मी परबनीलाच घालायचो की माल."

"मंग आमच्याकडं कामून घालतोस, मामा?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की हे काय विचारणं झालं. "तू हायस की तितं," म्हणाला. "दुसरीकडं घातला तर तुला घरात बोलनी बसतील. मामा परका झाला म्हनतील. माजी गाडी आली की तुजा सासरा आत आवाज देतूय, सूनबाईच्या मामाला च्या टाका. तू च्या घिऊन येतीस. बरी दिसतीस. बास की."

वालूरला मला लाडकी सून म्हणायचे. सासरी कधी कुणी मला टाकून बोललं नाही, जेवणावरून नाही, माहेरावरून नाही. इतर सुनांचं ऐकायची तेव्हा मला वाटायचं, हा माझ्या हाताचा गुण, माझ्या स्वभावाचा गुण. मी मामाच्या पाया पडून म्हणाले की आईची शपथ आहे, यंदापासून गाडी आणू नकोस, माझं मी बघून घेईन, मला आता तोंड फुटलंय. तो हो म्हणाला.

हो म्हणाला होता, तरी शेवटच्या वेचणीचा कापूस घेऊन तो आमच्याच दुकानापुढं आला. मी ओसरीच्या खांबाशी उभी होते. मुनीमजी पारड्यात मापं ठेवायला लागले, आणि मामानं, ते आपल्याला दिसू नये म्हणून, बैलांकडं तोंड फिरवलं.